आयुधपूजेचं पाणी

बटण दाबलं आणि आतून फट्‌ झालं. आवाज काही मोठा नव्हता. हातातली सुपारी फरशीवर पडावी एवढाच. मग धुराची एक बारीक रेघ काळ्या डब्याच्या जाळीतून वर आली, देवापुढच्या उदबत्तीत मिसळली, आणि खोलीभर जळक्या प्लास्टिकचा वास पसरला. विनुताचं बोट अजून बटणावरच होतं. विजयादशमीची सकाळ. आदल्या संध्याकाळी सरस्वतीपुढे मांडलेली पुस्तकं, अप्पांचं जुनं घड्याळ, विळी, कात्री, स्कूटरची किल्ली आणि पाटावर आडवा ठेवलेला हा कॉम्प्युटरचा डबा, सगळ्यांवर चंदनाचे टिपके आणि टिपक्यांवर कुंकू. पूजेत मांडलेल्या वस्तूला रात्रभर हात लावायचा नाही, आणि सकाळी पूजा उतरली की प्रत्येक वस्तू थोडी तरी वापरून बघायची, हा तंजावरातला घरोघरचा रिवाज. म्हणून तिने पुस्तकातल्या चार ओळी वाचल्या, कात्रीने दोरा कापला, आणि डब्याला वायर जोडून बटण दाबलं. नाही तर शाळेला सुट्टी असताना त्या डब्याचं तोंड बघायची तिला काही हौस नव्हती.

तिने वायर उपटली. थोडा वेळ थांबली, पुन्हा लावली, पुन्हा दाबलं. आत काही हललं नाही. पंख्याची नेहमीची घरघर नाही, हिरवा दिवा नाही. घाबरली ती तेव्हा. पहिल्या आवाजाने नव्हे, या दुसऱ्या गप्पपणाने. मान वर केली तर अप्पा दारात उभे. पांढरं धोतर, खांद्यावर पंचा, गळ्यावरच्या भोकावर बांधलेलं पातळ मलमलीचं फडकं श्वासागणिक आतबाहेर होणारं. त्यांना वास येत नाही. ऑपरेशननंतर नाकाने श्वास घ्यायचं बंद झालं, तसा वासही गेला. जिभेला गोड-तिखट तेवढं कळतं. सगळ्या घरात जळका वास भरला असताना एकट्या अप्पांना तो आला नसणार, तरी ते दारात कसे, हे त्या वेळी तिच्या मनात आलं नाही. ते तिच्याकडे बघत नव्हते. डब्याकडे बघत होते.

"काय नाही जाहलं अप्पा," ती घाईघाईने म्हणाली. "फ्यूज गेला असेल." आणि आपला आवाज वर्गात नापास मुलीच्या आईशी बोलताना होतो तसा गुळगुळीत झालाय, हे तिचं तिलाच ऐकू आलं.

त्या डब्यात अप्पांचा आवाज होता. दुसरीकडे कुठेच नव्हता. हे तिला इतकं स्वच्छ माहीत होतं, की पंधरा-सोळा महिने ती ते माहीत नसल्यासारखी वागत आली होती. आज कॉपी करू, उद्या करू, परीक्षा संपू देत, पेन ड्राइव्ह आणायला हवा. शाळेत ती गणित शिकवते, तिरुवैयारुला. मुलींना सांगते की उत्तर दोन रीतींनी काढून पडताळून बघा. स्वतः मात्र जगातली एकुलती एक वस्तू एका जुनाट डब्यात ठेवून वर झाकण म्हणून क्रोशाचा रुमाल टाकला होता. वरुण, तिचा धाकटा भाऊ, बंगळूरला कॉम्प्युटरमध्येच काम करतो; त्याने मागितलं असतं तर त्याला एका मिनिटात पाठवता आलं असतं. पण त्याने मागितलं नाही, आणि तिनेही पाठवलं नाही. का पाठवलं नाही, ते तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तिने ते रेकॉर्डिंग ऐकलंच नव्हतं.

अप्पा म्हणजे सीतारामराव. सगळी नोकरी जुन्या बस स्टँडवर गेली, टाइमकीपरच्या काचेच्या खोक्यात, माइकसमोर. तिरुवैयारु, तिरुवैयारु. पापनाशम, कुंभकोणम, पापनाशम. लहानपणी ती आणि वरुण बाजारात असले की तो आवाज डोक्यावरून जायचा, आणि ती ऐटीत मान वर करायची, जसं काही बसगाड्या तिच्याच बापाच्या हुकमाने सुटतात. तमिळमध्ये अप्पांचा आवाज अख्ख्या गावाचा होता. घरी आले की चपला काढाव्यात तसा तो बाहेरच काढून ठेवायचे. घरातली मराठी हळू, मोजकी. जेवण जाहलं का, दार लावलंस का, अंबट वरण छान जाहलंय. आई गेली तेव्हा चार दिवस तेवढंही नाही. मायेने बोलणं त्यांना जमायचं नाही, आणि विनुतालाही ते कुणी शिकवलं नव्हतं. तिचं लग्न जमलं नाही, तंजावरात आपल्या मराठी लोकांतली स्थळं थोडी, ती वर्षं निघून गेली, त्याबद्दलही बापलेकीत एक अक्षर झालं नाही. दोघं एका घरात राहिली, एकमेकांना जपत, आणि बोलायचं ते सगळं राहून गेलं.

मग अप्पांचा घसा बसला. बसला तो सुटेना. जन्मभर ओरडलात, आता घसा कुरकुरणारच, असं तीच म्हणाली होती, आणि मिरं घालून गरम दूध देत राहिली होती. किती महिने? ते आठवायचं ती टाळायची. तिरुचीच्या डॉक्टरांनी स्वरयंत्र काढायला लागेल म्हणून सांगितलं, तेव्हा अप्पांनी मान डोलावली, एखादी गाडी रद्द झाल्याचं ऐकावं तशी. घरी परत येताना बसमध्ये तीच बोलत होती. बोलून ठेवा अप्पा. काय वाटेल ते. आमच्यासाठी. कॉम्प्युटरला माइक लावून देते, ऑनलाइन क्लासचा आहे. मग तीन दुपारी अप्पा त्या खोलीत गेले, दार लोटून घेतलं. ती स्वयंपाकघरात भांडी न वाजवता वावरली. रोज संध्याकाळी तिने फाइल जपून ठेवली. तीन फाइली, तिन्ही जडच्या जड, तासाच्या वर एकेक. एवढं बोलले अप्पा! तिचा ऊर भरून आला होता. आणि मग मनात आलं, एवढं काय बोलले? मिरं घातलेल्या दुधाबद्दल बोलले असतील का?

ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर त्यांनी तिला हाताने विचारलं. बोट कानाकडे नेलं, भुवया वर केल्या. ऐकलंस? इतक्या नळ्यांमध्ये पडलेला माणूस, त्याला नाही म्हणायचं कसं? "ऐकलं अप्पा," ती म्हणाली. "छान बोललात." अप्पा तिच्याकडे बघत राहिले. खूप वेळ. मग त्यांनी तिचा हात थोपटला आणि डोळे मिटले. तेव्हा तिने ठरवलं होतं की घरी गेल्या गेल्या ऐकायचं, म्हणजे शब्द खरा होईल. पण घरी गेल्यावर कळलं की ऐकणं म्हणजे संपवणं. न ऐकलेलं आहे तोवर अप्पांचं काहीतरी बोलायचं शिल्लक आहे. ते ऐकलं की संपलं, मग पुढे फक्त हे फडकं आणि ही पाटी. अप्पा पाटीवर मराठी लिहायचे, तमिळ अक्षरांत. देवनागरी त्यांना कधी आली नाही. दूध उतू जातंय. वरुणचा फोन. मीठ कमी. एवढ्यावर दिवस निघायचे. रात्री ती खोलीचं दार लावताना डब्याकडे बघायची आणि तिला बरंही वाटायचं आणि भीतीही.

नवरात्र बसायच्या आधी वरुणचा व्हिडिओ कॉल आला. दीपावलीला सगळे येतोय, बायको-मुलं, पापनाशमची चुलत मंडळीही. "अक्का, अप्पांचं रेकॉर्डिंग आहे ना तुझ्याकडे? सगळे बसून ऐकू की. लहान पोरांना आजोबांचा आवाज आठवतसुद्धा नाही. काय काय बोललेत गं?" अप्पा समोर बसून शेवग्याची पानं खुडत होते. आता वेळ मारून नेणं भाग होतं. आणि एकदा थाप मारायला बसलं की तिला रंग भरल्याशिवाय राहवत नाही, हे विनुताला त्या दिवशी नव्याने कळलं. "सगळं बोललेत," ती म्हणाली. "बस स्टँडचं, आईचं लग्न कसं जाहलं ते, तू कालव्यात पडला होतास ते. तुम्हीच ऐका की आल्यावर. हसून हसून पोट दुखेल." फोन ठेवल्यावर तिचे कान गरम झाले होते. अप्पांचा हात पानांवर थांबलेला. मग ते पुन्हा खुडू लागले. वर्गात कोणत्या मुलीने धडा वाचलेला नाही, हे विनुता तिच्या मान डोलावण्यावरून ओळखते. जी जास्त जोरात डोलावते ती. पण स्वतःची मान स्वतःला दिसत नाही.

आणि मग आयुधपूजा. घरातला कर्ता पुरुष म्हणून वस्तूंवर पाणी शिंपडायचं काम अप्पांचंच. मंत्र आता ओठांतल्या ओठांत. ओठ हलायचे, आवाज नाही, गळ्यावरचं फडकं तेवढं फडफडायचं. ती त्यांच्या ओठांकडे बघत होती, हाताकडे नाही. तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं होतं तिला. पुस्तकांवर फुलाने दोन थेंब, घड्याळावर दोन थेंब, आणि डब्यावर पळीने. एक पळी, आणखी एक. मग तिला चुलीवरचं नैवेद्याच्या हरभऱ्यांचं सुंडल उतरवायला आत जावं लागलं. परत आली तर पंचपात्र रिकामं होतं आणि अप्पा डब्यावर आईचं जुनं रेशमी वस्त्र नीट चारी बाजूंनी पसरत होते. हात कापतो आता, थेंब जास्त पडले असतील. बोलू न शकणाऱ्या म्हाताऱ्या माणसावर सणाच्या दिवशी काय खेकसायचं? सकाळी वस्त्र काढताना ते ओलसर लागलं, तेही तिने मनावर घेतलं नाही.

साऊथ मेन स्ट्रीटवर एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर भुवनाचं दुकान. मेलेल्या कॉम्प्युटरमधून, फुटलेल्या फोनमधून फाइली काढून द्यायचं काम. वय पस्तिशीचं, केसांत कालचा मोगरा, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला आधीच थोडीशी कंटाळलेली. "सगळ्यांना आपलेच फोटो महत्त्वाचे वाटतात, टीचर," ती तमिळमध्ये म्हणाली, स्क्रू काढता काढता. "आयुधपूजेनंतर माझा हंगाम असतो. कुणी कीबोर्डवर चंदन लावतं, कुणी नारळ फोडतं. मागच्या वर्षी एकाने लॅपटॉप लिंबावर ठेवून लिंबू चिरडलं, गाडीच्या चाकाखाली चिरडतात तसं." झाकण निघालं. भुवनाची बडबड थांबली. तिने बॅटरी आत धरली. विनुताने वाकून बघितलं. आत कुंकवाचा लाल ओघळ सुकला होता, अक्षतांचे दाणे चिकटले होते, आणि सर्किटच्या हिरव्या पाटीवर एक काळा डाग, पैशाएवढा.

"शिंपडलंत का ओतलंत?"

"शिंपडलं. वडलांचा हात कापतो."

भुवनाने बोटाने ओघळाची वाट दाखवली, जाळीपासून खालपर्यंत, अगदी डिस्कपर्यंत. मग म्हणाली, की नुसतं पाणी पडलं असतं आणि वाळू दिलं असतं तरी निभावलं असतं. ओल्यातच करंट सोडलात, म्हणून जळलं. डिस्कवरचं सर्किट गेलंय. आतल्या चकत्या धड असतील तर ह्याच मॉडेलची दुसरी डिस्क शोधून तिचं सर्किट इकडे बसवून बघते. जुनं मॉडेल, चेन्नईला मिळालं तर मिळालं. "होईल म्हणून सांगत नाही, टीचर. आस धरून बसू नका." विनुता जिना उतरली. म्हणजे बटण दाबलं ते तिनेच. अप्पांच्या थरथरत्या हाताला काय दोष द्यायचा? ओल्यात करंट सोडू नये, हे तर अप्पा लहानपणापासून कानीकपाळी ओरडत आले. पावसाचं पाणी गळून बस स्टँडचा ॲम्प्लिफायर जळाला होता, ती गोष्ट त्यांनी इतक्यांदा सांगितली होती की वरुण तिची नक्कल करायचा. ओल्या हाताने स्विचला बोट लावलं तर पाठीत धपाटा. आणि तीच लेक.

दीपावली जवळ येऊ लागली, आणि विनुताचा जीव टांगणीला लागला. शाळेत फळ्यावर गणित अर्धं सोडवून ती खिडकीतून बघत राहायची. मुली एकमेकींना कोपरं मारायच्या. बसमध्ये कावेरीच्या पुलावर गाडी थांबली की डोळ्यांपुढे तो काळा डाग यायचा. रस्त्यावर कुणी म्हातारा खाकरला की ती दचकायची. अप्पांचा आवाज आठवून बघायची, आणि आठवायचा तो बस स्टँडचा, माइकमधला, घरातला आठवेना. दार लावलंस का, हे ते कसं म्हणायचे? शब्द होते, वरचा सूर हरवला होता. रोज एकेक वाक्य ती मनात त्यांच्या तोंडी घालून बघायची आणि प्रत्येक वेळी बोलणारा दुसराच कुणीतरी असायचा. याहून वाईट म्हणजे आता ऐकण्याची घाई सुटली होती. इतके महिने हाताशी होतं तेव्हा भीती होती, आता हातचं गेलं तेव्हा तहान लागली. काय म्हणाले असतील? तूच उशीर केलास, असं म्हणाले असतील तरी चालेल. शिव्या असतील तरी चालतील. फक्त असू देत.

घरी अप्पा वेगळेच वागत होते. ती दुकानात जाऊन आली त्या संध्याकाळी त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं, जाऊ दे. तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा, जाऊ दे, जुनं जाहलं होतं. मग एकदा नुसतंच, विनू, नको. त्यांना अपराधी वाटतंय, आपल्या हातून झालं म्हणून, असं तिला वाटलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमचं काय चुकलं अप्पा? मी बघतें. काढून देणार आहे ती बाई," असं म्हणत तिने त्यांच्या गळ्याचं फडकं बदललं. अप्पांनी तिच्या हातून पाटी परत घेतली, खडू टेकवला, आणि काही न लिहिताच पुसली. कोऱ्या पाटीवर त्यांचा तळवा फिरला, दोनदा. त्यांची ही असली घालमेल तिने कधी पाहिली नव्हती; ऑपरेशनच्या आदल्या दिवशीही नाही.

वरुणचे मेसेज येत होते. तिकिटं काढली. स्पीकर घेऊन येतो, मोठा, सगळ्यांना ऐकू येईल. विनुताने प्रत्येक वेळी अंगठा पाठवला.

भुवनाचा फोन आला तो शनिवारी, दुपारच्या जेवणानंतर. "या टीचर. फाइली दिसतायत. पण मला काही बरोबर वाटत नाही." विनुता हात न पुसताच निघाली. अप्पा ओसरीवर आरामखुर्चीत. त्यांनी मान वर करून बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं असावं, कारण ते उठून उभे राहिले. ती थांबली नाही.

दुकानात पडद्यावर तिन्ही फाइली ओळीने होत्या. तीच नावं, तेच जडपण. भुवनाने पहिली उघडली. आवाजाची रेघ उमटते तिथे डोंगर-दऱ्या दिसायला हव्या होत्या. होती एक सपाट रेघ, टोकापासून टोकापर्यंत, मधे कुठे तरी बारीकशी गाठ. "बघा. नाव वाचलंय, साइज वाचलाय, आतलं गेलंय. तिन्हीत असंच. मला वाईट वाटतं, टीचर." विनुता खुर्चीत बसली. हेडफोन द्या, म्हणाली. भुवनाने खांदे उडवले, हेडफोन दिला, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

आधी काहीच नाही. मग काहीच नाही म्हणजे काय ते हळूहळू कळू लागलं. पंख्याची घरघर होती. त्यांच्याच खोलीतला पंखा, फेरीला एकदा टक्‌ करणारा. लांब कुठे इस्त्रीवाल्याच्या गाडीवरचा रेडिओ. खारीचं चिकचिक, परसातल्या शेवग्यावरचं. आणि जवळ, अगदी कानाला लागून, श्वास. नाकातून आत जाणारा, घशात किंचित अडकून शिटी वाजवत बाहेर येणारा. आता तो असा येत नाही. आता तो गळ्यावरच्या फडक्यातून येतो. फाइल खराब नव्हती. फाइल धडधाकट होती. अप्पा खाकरले. "सुरू जाहलं का हे?" ते हळूच म्हणाले, माइकलाच. खुर्ची करकरली. मग पुन्हा पंखा आणि श्वास, तासभर. जन्मभर माइकपुढे बसलेला माणूस माइकपुढे बसला होता, आणि त्याला एक वाक्य सुचत नव्हतं. तिने काही पुढे ढकललं नाही. सगळं ऐकलं. दुसऱ्या फाइलमध्ये एकदा "विनू" एवढं आलं, आणि मग इतका वेळ श्वास रोखलेला, की तिनेही रोखून धरला. मग सुटला तो नुसताच सुस्कारा.

तिसरी बरीचशी रिकामी गेली. शेवटाकडे खुर्ची सरकल्याचा आवाज, दार कुरकुरलं, आणि अप्पा म्हणाले, घरातल्या आवाजात, तोच, जो तिला आठवत नव्हता तोच, "विनू, काफी दे गे. साखर घाल जरा आज." आणि लांबून, स्वयंपाकघरातून, तिचा स्वतःचा आवाज, कामात बुडालेला, थोडासा वैतागलेला. "आणतें. साखर नाही हां, डॉक्टर ओरडतील. बोलून जाहलं का सगळं?"

"जाहलं," अप्पा म्हणाले.

एवढंच होतं. हेडफोन काढल्यावर खालच्या दुकानातला भांड्यांचा खणखणाट एकदम कानांत शिरला. ती हेडफोन मांडीवर धरून बसून राहिली, आणि एकेक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसू लागली. ऐकलं अप्पा, छान बोललात. त्यांना ठाऊक होतं. त्या दवाखान्यात, नळ्यांमध्ये, ते तिच्याकडे एवढा वेळ बघत राहिले ते ह्यासाठी. आत काही नाही हे जगात एकट्या त्यांनाच माहीत होतं, आणि त्यांनी तिचा हात थोपटला होता. मग वरुणच्या फोनवर तिने आईचं लग्न सांगितलं, कालवा सांगितला, आणि शेवग्याच्या पानांवर त्यांचा हात थांबला. दीपावलीला सगळी मंडळी जमणार, मोठा स्पीकर लागणार, आणि त्यातून पंख्याची घरघर ऐकू येणार, सगळ्यांसमोर, सुनेसमोर, पोरांसमोर. विनुताची थाप भर घरात उघडी पडणार. आणि त्यांचं स्वतःचं रितेपणही. बोलता येत नव्हतं. जे करता येत होतं ते त्यांनी केलं. हात कापत नव्हता त्यांचा. त्यांनी पळी ठेवून पंचपात्र उचललं, जाळीतून ओतलं, वर आईचं वस्त्र घातलं, कारण सकाळी ती बटण दाबणार, रिवाजाप्रमाणे, हे त्यांना पक्कं माहीत होतं. आणि सकाळी आवाजाच्या आधीच ते दारात येऊन उभे होते. तिला जपायला त्यांनी आपला उरलासुरला आवाज बुडवला होता. तिला रडू फुटलं. भुवना लगबगीने आली, "अय्यो टीचर, मी सांगितलं होतं ना, आस धरू नका," आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. विनुता रडत रडतच म्हणाली, की नाही, सगळं नीट आहे, काही गेलेलं नाही, पेन ड्राइव्हवर घालून द्या. भुवनाला त्यातलं काही कळलं नाही. तिने घालून दिलं.

ओसरीवर अप्पा उभेच होते. पाटी हातात, खडू हातात. ऊन कलून त्यांच्या पायांवर आलं होतं. तिने स्कूटर लावली, चपला काढल्या, आणि पायरीवर थांबली. त्यांनी पंजा उलटा केला. मिळालं?

खोटं बोलणं सोपं होतं. गेलं सगळं, म्हटलं की ते सुटले असते, तीही. वरुण हळहळला असता आणि फटाके उडाले असते. पण हे असं एकमेकांना जपता जपताच जन्म गेला होता.

"मिळालं," ती म्हणाली. "तिन्ही मिळाली."

अप्पांचं फडकं आत गेलं आणि तिथेच राहिलं.

"ऐकलं अप्पा. आज ऐकलं."

खडू त्यांच्या बोटांत फिरला, पण पाटीवर टेकला नाही. ते तिच्याकडे बघत राहिले, दवाखान्यात बघितलं होतं तसंच, आणि ह्या खेपेस तिने मान डोलावली नाही, काही रंग भरला नाही, नुसती उभी राहिली. मग फार हळू त्यांच्या भुवया वर गेल्या. काय ऐकलंस?

"काफी मागितलात की," विनुता म्हणाली. "मी आणतें म्हटलं होतं."

अप्पांचे खांदे हलू लागले. आवाज नाही, पण गळ्यावरचं फडकं फुरफुरत होतं, आणि डोळे मिटून, तोंड उघडं टाकून ते हसत होते, टाइमकीपरच्या खोक्यात मित्रांबरोबर हसायचे तसे. त्यांनी खुर्चीच्या पाठीला धरलं आणि बसले. वरुणला काय सांगायचं ते दोघं मिळून ठरवतील. विनुता आत गेली, दूध तापत ठेवलं, आणि अप्पांच्या टंबलरात साखर दोन चमचे घातली.